नव्याचा मान

“आदीं मांडार दाखय, बाबा. मागीर जगाक. नवें भात आदीं देवाक, मागीर आपणांक. तशेंच हें.”

सर्वणच्या रुक्मिणीमावशी हे म्हणाल्या तेव्हा मी तिथेच होते. खाणीच्या गाळाने भरलेल्या त्यांच्या शेतावर आमचे हे, श्रीनाथ, माहितीपट करणार होते. गावाने मांडावर, देवाच्या त्या जागेवर, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. पहिला खेळ इथेच, असा ह्यांनी शब्द दिला आणि मगच कॅमेरा पिशवीतून काढला.

त्यावर वर्षं गेली. कॅमेरा हेच धरायचे, आवाज हेच घ्यायचे, दृश्यांचं जोडकामही ह्यांचंच. पोटासाठी डिचोलीतली लग्नं आणि मांद्र्यातल्या गेस्टहाऊसांचे व्हिडिओ. लग्नघरात कुणीतरी विचारीच, “सिनेमा काडटा म्हणटात. खंय लागता तो?” हे नुसते हसत. घरी आल्यावर म्हणत, “सुविधा, लोक मला आपला चेहरा उसना देतात. तो परत नेऊन दाखवायचा असतो.” मी तुळशीला पाणी घालता घालता ऐके.

माहितीपट पुरा झाला आणि परदेशातल्या एका महोत्सवाने निवडला. अट एकच. तोवर कुठेही जाहीर दाखवायचा नाही, पहिला खेळ त्यांचा.

हे सांगायला आम्ही सर्वणला गेलो. मावशी अंथरुणावर होत्या, तरी नव्याचा मान परदेशालाही हवा हे ऐकून हसल्या. “तांकांय नवें जाय? तांचो देव खंयचो रे?”

“थोडे महिने, मावशी. अशी संधी परत नाही येणार.”

“तुजें तूं पळय,” म्हणाल्या, ठरवणं ह्यांच्यावर सोडून भिंतीकडे वळल्या.

आषाढात त्या गेल्या. बारावं झाल्यावर त्यांच्या मुलीचा, मालतीचा फोन आला. रागावली नाही. आईचं विचारणं तेवढं सांगितलं, “आवय विचारताली, श्रीनाथ येवंक ना?”

हे ताट बाजूला सारून बसले. “जिला शब्द दिला तीच गेली. आता कुणाला दाखवू?”

माझा सोमवार होता. उपासाच्या दिवशी मी वाद घालत नाही. पण तोंडून निघालं, “शब्द मांडावर दिला होता. मावशींनी फक्त मागितला.”

“महोत्सव हातचा गेला तर पुन्हा लग्नंच करायची.”

“मग लग्नं.”

दुसऱ्या दिवशी ह्यांनी महोत्सवाला कळवलं, पहिला खेळ सर्वणच्या मांडावर होईल. दोन ओळींचं उत्तर आलं. निवड रद्द.

संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला, हात जोडले. काय मागावं ते सुचेना. बाहेर येऊन पाहते तर ह्यांनी प्रोजेक्टर गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर बांधला होता. मला हाक मारली नाही. गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली, रस्त्यावर गेल्यावर सुरू केली आणि सर्वणच्या दिशेने वळवली.