रॉडनीच्या खुर्चीवरचा झगा

मी एक झगा बोलतोय. शाळेचं शेवटचं वर्ष संपलं की मुलं घालतात ना, तसला. गडद निळा, लांब बाह्यांचा. कापड साधं पॉलिएस्टर, इस्त्री जरा जास्त तापली की आकसणारं. मला कुणी भरजरी शालू समजू नये. असे झगे माणसं आयुष्यात एकदा, तासाभरापुरते घालतात. माझ्या नशिबी तो तासही चाळीस वर्षं उशिरा आला.

नेब्रास्कातल्या एका लहानशा गावच्या शाळेनं १९७९ च्या फेब्रुवारीत अकरा झगे मागवले. शेवटच्या वर्गात मुलंच तेवढी. खेळाच्या सरांनी टेप लावून प्रत्येकाची उंची घेतली. रॉडनी कुचेरा सगळ्यांत उंच, सहा फूट तीन इंच. त्याच्या नावाची चिठ्ठी माझ्या गळ्यापाशी टाचली आणि मी त्याचा झालो.

मी गावात पोचलो मे महिन्यात. रॉडनी एप्रिलमध्येच गेला होता.

कुचेरांच्या अंगणात मक्याची उंच लोखंडी कोठी होती. हिवाळ्यात ओल धरून वरचा मका घट्ट बसला होता. तो काठीनं फोडायला रॉडनी कमरेला दोरी न बांधता आत उतरला. तिकडं सगळेच तसे उतरायचे. त्याचा जिवलग मित्र कर्ट क्रॉल खाली यंत्रापाशी उभा होता. ते यंत्र कोठीच्या तळातून मका ओढून ट्रकमध्ये टाकतं. कर्टनं बटण दाबलं, पायाखालचा मका सरकला आणि रॉडनी त्यात बुडाला. गाव धावून आलं, कोठीचा पत्रा कापला, पण तोवर सगळं संपलं होतं.

बटण कर्टनं दाबलं, एवढंच गावानं लक्षात ठेवलं.

वर्गाच्या निरोपाचा समारंभ मे महिन्यातल्याच एका रविवारी दुपारी शाळेच्या व्यायामशाळेत झाला. खुर्च्या आडनावांच्या क्रमानं मांडलेल्या. क्रॉल आणि त्याच्या शेजारी कुचेरा, बालवाडीपासून तसंच. रॉडनीच्या खुर्चीवर मला पसरून ठेवलं होतं आणि माझ्यावर टोपी. कर्टची खुर्ची नुसतीच रिकामी होती. तो आलाच नाही. आठवड्याभरात तो वायोमिंगला निघून गेला.

रॉडनीच्या आईनं, अर्लीनबाईंनी, मला घरी नेलं आणि त्याच्या कपाटात टांगलं. शाळेनं मला परत मागितलं नाही.

दर पाच वर्षांनी जुलैत वर्ग पुन्हा जमायचा. अर्लीनबाई मला वर ओलं फडकं धरून इस्त्री करायच्या, खसखस भरलेले कोलाचे, म्हणजे छोटे गोड पाव, भाजायच्या आणि दोन्ही घेऊन जायच्या. मला खुर्चीवर पसरलं की माझ्याभोवती बसून मंडळी तेच ते किस्से सांगायची. दर खेपेला पोटं सुटत गेली, केस विरळ झाले, किस्से मात्र तेच.

"मिस लिंडक्विस्टच्या खणात बेडूक कुणी ठेवला होता रे?"

"रॉडनीनं. आणि आठवडाभर फळा पुसला कर्टनं."

"तो कसला बोलतोय. त्याच्या तोंडाला कायमचं कुलूप."

"आणि आपली फुटबॉलची टीम? चार वर्षांत एक मॅच जिंकली नाही."

"एक जिंकलो की."

"त्यांची बस बंद पडली म्हणून, वेस."

सगळे हसायचे. मग कर्टचं नाव हवेत तसंच राहायचं आणि कुणीतरी कॉफी आणायला उठायचं. ग्लेंडा नावाची त्यांच्यातलीच एक दर वेळी त्याला पत्र पाठवायची. उत्तर नाही. त्याची आई गावातच, दोन गल्ल्यांवर राहायची. तिला बघून लोक बोलणं आवरतं घेत, म्हणून ती दुकानातही सकाळी लवकर जायची. एक्क्याण्णव साली ती गेली. कर्ट दफनाला आला, लांब उभा राहिला आणि तसाच परत गेला.

त्या संध्याकाळी अर्लीनबाई कपाटापाशी आल्या. माझी बाही हातात धरून म्हणाल्या, "बटण दाब म्हणून मीच ओरडले होते."

ट्रकवाला खोळंबला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना कोठीच्या शिडीवर रॉडनीचं तपकिरी जॅकेट दिसलं. उकडलं म्हणून त्यानं ते काढून शिडीला अडकवलं होतं. त्यांना वाटलं, पोरगाच उतरतोय. "चालू कर रे कर्ट, आला तो खाली," असं म्हणून त्या चुलीकडं वळल्या. एका कपड्याला त्यांनी मुलगा समजलं होतं. मी कपडाच आहे, मला ते ऐकवेना.

त्यानंतर दर इस्त्रीला त्या मला तेच सांगत. "या खेपेला सगळ्यांसमोर सांगते." आणि तिथं गेल्यावर म्हणत, "कोलाचे घ्या ना, अजून आहेत." मला राग यायचा आणि कीवही यायची.

२०१९ साली शाळा बंद झाली, इमारत पाडायचं ठरलं. शेवटचा मेळावा त्याच व्यायामशाळेत ठेवला. ग्लेंडानं खुर्च्या पुन्हा आडनावांच्या क्रमानं मांडल्या. मंडळी बसत होती, तेवढ्यात दारात एक टकला, वाकलेला माणूस येऊन उभा राहिला.

"वाट चुकलास काय, कर्ट?" वेस म्हणाला. कुणी हसलं नाही.

अर्लीनबाई ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. खुर्चीला धरून त्या उठल्या आणि खिडकी, जॅकेट, हाक, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. "आणि इतकी वर्षं मी तुम्हाला खाऊ वाटत फिरले," त्या म्हणाल्या.

कर्टनं त्यांना बसवलं. "मिसेस कुचेरा, मला माहीतच होतं की. हाक तुम्ही मलाच मारली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमचा मुलगा गेला होता. त्यावर आणखी हे कसं सांगू? वाटलं, तुम्हीच सांगाल. राग आला होता मला. अजून आहे."

"असू दे. असायलाच हवा," त्या म्हणाल्या. मग मला खुर्चीवरून उचलून त्यांनी त्याच्यापुढं धरलं. "तुझंही घालायचं राहिलंय."

त्यानं माझ्या बाह्यांत हात घातले. मी त्याला लांब झालो, बोटं आतच राहिली. माझ्या आत पहिल्यांदाच माणूस आला होता, आणि तो ज्याच्यासाठी मी शिवलो गेलो तो नव्हता. कर्ट स्वतःच्या खुर्चीत बसला. त्याची पाठ बराच वेळ हलत होती, ते फक्त मला कळलं. ग्लेंडानं अकराही नावं क्रमानं वाचली.

अर्लीनबाई त्याच हिवाळ्यात गेल्या. मी आता वायोमिंगला कर्टच्या कपाटात असतो. माझ्या काठावर इस्त्रीचा एक डाग आहे, कॉलर विरलीय. शाळेच्या जागी आता गवत आहे म्हणतात.

माझी एकच विनंती आहे. जे माणसाला सांगायचं, ते कपड्याला सांगून मोकळे होऊ नका. आम्ही मुकाट ऐकून घेतो, आणि त्यात वर्षं जातात. दोन गल्ल्यांवर कर्टची आई राहायची. मला इस्त्री करायला लागतो, तेवढ्या वेळात अर्लीनबाईंना तिच्या दारी जाऊन येता आलं असतं. आपल्या मुलाच्या चुकीनं दुसरीचा मुलगा गेला, असं मनात धरूनच ती बाई गेली.