दहावा खांब

बत्तीस पायऱ्या.

सुटलेली बुटाची नाडी.

नारळाचा काया जॅम लावलेल्या टोस्टच्या कागदावर फिरणारी एक मुंगी.

उत्तर दिशा.

"नीट बघितलंस?"

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खांब आहे. उंची कमरेएवढी. माथ्यावर पत्र्याची पाटी, तिच्यावर नारिंगी-पांढरा चौकोन, दहा हा आकडा आणि एक अक्षर. बुकित पंजांगच्या ज्या बागेत मी उभा आहे, तिथे एलआरटी ट्रेनची घरघर ऐकू येते. माझी नऊ भावंडं याच बागेत विखुरलेली आहेत. नकाशा आणि होकायंत्र घेऊन आम्हाला शोधायचं, आमचं अक्षर कार्डावर लिहायचं आणि पुढच्या खांबाकडे निघायचं, असा हा खेळ.

सुरुवातीला शाळांचे वर्गच्या वर्ग येत. धापा टाकत पायऱ्या चढत, मला पाहताच ओरडत. ती आरोळी हीच माझी कमाई. पुढे येणारे कमी झाले. इथे मनीप्लांट रानासारखा वाढतो. तो माझ्या कमरेशी आला, खांद्याशी आला, शेवटी पाटीवर चढला. कुणी कापला नाही. सापडणं एवढंच ज्याचं काम, तो मी दिसेनासा झालो.

अशात सौमित्र आणि त्याची नऊ वर्षांची लेक ऋता येऊ लागली. दर रविवारी एकच खांब शोधायचा, हा त्यांचा नियम. मग पायऱ्यांच्या तळाशी, माझ्या अगदी खालच्या बाकावर बसून खाणं.

सौमित्र पुण्याचा इंजिनियर, नोकरीसाठी इथे परदेशात आलेला. वर्तमानपत्र धरावं तसा तो नकाशा धरी, अक्षरं सुलटी ठेवून.

"बाबा, नॉर्थ तिकडे आहे. मॅप फिरव ना लाह!" ते 'लाह' तिने इथल्या शाळेत उचललेलं.

"फिरवला तर नावं उलटी दिसतात."

"मग तू उलटा हो."

दोघं हसत. टोस्टचा शेवटचा तुकडा राहिला की तो म्हणे, "पानात टाकायचं नाही." ती तोंड वाकडं करून खाई. त्यांच्या घरात काहीच अर्धवट सोडायची रीत नव्हती.

सहा खांब झाले. त्या रविवारी ऋता पाणी भरायला गेली आणि सौमित्रचा फोन वाजला. पलीकडे त्याची बायको अनघा असावी.

"नाही गं, नोकरीच गेली म्हटल्यावर इथे राहायचा पास कसला उरतोय. महिनाभर मिळेल. तिला मी सांगतो. तू नको सांगूस."

ऋता मागेच उभी होती. बाटली छातीशी धरून.

"वी आर गोइंग बॅक?"

त्याने फोन खिशात ठेवला.

"कधी?"

"तुझं कार्ड पूर्ण झाल्याशिवाय नाही," तो म्हणाला. दुसरं काही सुचलं नसावं. पण त्या घरातल्या मुलीला असं काही सांगितलं, की ती ते खरं धरते.

सातवा खांब. आठवा. नववा. आता ती हळू चालायची, दर वळणावर नाडी बांधायला बसायची.

शेवटच्या रविवारी माझी पाळी आली. ऋता एकटीच पुढे वर आली. तिने होकायंत्र पाहिलं, नकाशा फिरवला आणि सरळ माझ्याकडे येऊन वेल बाजूला सारला.

माझ्यावर ऊन पडलं; किती वर्षांनी एखाद्या मुलाने मला शोधलं होतं! मी आरोळीची वाट पाहिली.

तिचे ओठ हलले. अक्षर वाचलं तिने. मग खाली पायऱ्यांकडे पाहिलं आणि वेल परत माझ्यावर ओढला. एक पान सरकलं होतं, तेही नीट बसवलं.

"इथे काही नाहीये, बाबा!"

सौमित्र वर आला. "नीट बघितलंस?"

"नीट."

त्याने तिच्या हातातला नकाशा घेतला.

"नकाशा जुना असेल," तो म्हणाला.

"मग नेक्स्ट संडे?"

"हो. पुढच्या रविवारी."

तिने कार्ड जपून घडी घालून खिशात ठेवलं. पायऱ्या उतरताना ती उड्या मारत होती.

पुढचा रविवार कोरा गेला. त्याच्या पुढचाही. खालच्या बाकावर आता एक म्हातारे गृहस्थ बसतात, एकटेच. हाक मारता आली असती तर मी त्या मुलीला एवढंच सांगितलं असतं, की तुझ्या हातून काही चुकलं नाही. राहण्याचे पास खेळाच्या कार्डावर चालत नाहीत.

मित्रांनो, बागेत कुठे माझ्यासारखा खांब झाकलेला दिसला, तर वेल दूर करा, पाटी पुसा. आम्हाला पाय नाहीत, आवाज नाही. तुम्हाला हात आहेत. पण एखादं पान कुणी मुद्दाम बसवलेलं वाटलं, तर तेवढं राहू द्या.

ऋताने वेल परत ओढला त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, सौमित्र एकटाच येऊन वेल बाजूला करून माझं अक्षर वाचून गेला होता.