शिक्क्याखालचं लेबल

"काका, या चंदेरी शिक्क्याखाली काय लिहिलंय?"

मित्रांनो, हा प्रश्न भरलेल्या दुकानात विचारून दाखवायची पैज एका शाळकरी मुलीला तिच्या तिघी मैत्रिणींनी घातली होती. तुझ्याच्याने होणार नाही, तोंड उघडायच्या आधी तुझे कान लाल होतात, असं त्या म्हणाल्या होत्या. कान लाल झालेच. पण तिने विचारलं.

त्या शिक्क्याखाली मी होतो. खोक्याच्या तळाला चिकटवलेलं, अंगठ्याएवढं, पांढरं लेबल. वयाने मी काही फार जुना नाही, पण उमेदीचा सगळा काळ अंधारात गेला की कोणीही म्हातारा होतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. संगणकाच्या पडद्यावर चित्रं उमटवणारी ग्राफिक्स कार्डं तिथे तयार होत. छपाईच्या यंत्रातून मी गरमागरम बाहेर आलो, आणि हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला वाचलं. कार्ड आणि लेबल जुळतंय ना हे बघायचं, हेच त्यांचं काम. मग दोन बोटांनी त्यांनी मला तळाशी नीट चिकटवलं. माझ्यावर लिहिलं होतं, 'विक्राळ ९०० एल. मेमरी चार जीबी.'

आणि खोक्याच्या दर्शनी बाजूवर? तिथे आग ओकणारा काळा पक्षी आणि सोनेरी अक्षरांत नुसतं 'विक्राळ ९००'. 'एल' गायब. शेजारच्या रांगेत आठ जीबीचं दणकट कार्ड भरलं जात होतं. त्याच्या खोक्यावरही तोच पक्षी, तेच सोनं, तेच 'विक्राळ ९००'. एकाच घरातल्या दोन मुलांना एकच नाव ठेवावं आणि हाक कोणाला मारली ते कोणालाच कळू नये, तसं झालं होतं. फरक फक्त आम्हा लेबलांना ठाऊक होता. येणारा जाणारा त्या पक्ष्याचं कौतुक करायचा. मी खाली, साऱ्या खोक्याचं वजन सोसत पडलेलो.

मग आम्ही दुकानात आलो. दुकानाच्या मालकाला शाळेतली मुलं हसरेकाका म्हणत, कारण त्यांचं हसू कधी मावळत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उलटं करून अगदी सावकाश वाचलं. "हं," म्हणाले, आणि माझ्या तोंडावर चंदेरी शिक्का दाबून बसवला. शिक्क्यावर छापलं होतं, 'हा शिक्का फाटल्यास माल बदलून मिळणार नाही.'

पाहा किती साधी युक्ती. खरं वाचायचं तर शिक्का फाडायचा, आणि फाडला की परतीचा रस्ता बंद. अंधार झाला त्या क्षणी मी मनाशी म्हटलं, एक दिवस याचं उट्टं काढणार. मला हात नाहीत, पाय नाहीत. पण माझ्यावर जे लिहिलं आहे ते कोणी खोडू शकत नाही.

मला विकत नेलं त्या मुलीच्या आईने. ती घरी बसून एका फर्निचरवाल्यासाठी खोल्यांची चित्रं करायची. कपाट कुठे, ओटा कुठे, खिडकीतून उजेड कसा येईल, हे गिऱ्हाइकाला पडद्यावर खोली फिरवून दाखवायचं. फर्निचरवाल्याच्या संगणकात 'विक्राळ ९००' होतं, म्हणून तिनेही तेच नाव सांगून कार्ड आणलं.

खोका कपाटावर ठेवला गेला. मला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. आई ओट्याचं चित्र फिरवायला जायची आणि चित्र मध्येच थिजायचं. पुन्हा सुरू करायची, पुन्हा थिजायचं. एकदा फर्निचरवाला घरी येऊन सांगून गेला की ताई, पुढच्या शुक्रवारपर्यंत वाट बघतो, नाहीतर काम दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल. तो गेल्यावर आई बाबांना म्हणाली, "मलाच जमत नाहीये. नवीन शिकायचं वय राहिलं नाही आता."

बाबांनी खोका खाली काढला, दर्शनी नाव मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, नाव तर तेच आहे, मग कार्डाचा काय दोष. खोका परत वर गेला. माझा एवढा संताप झाला की माझा गोंद वितळायचा बाकी राहिला. नाव तेच आहे, हाच तर दोष होता. आणि तो त्या बाईने स्वतःच्या डोक्यावर घेतला होता.

मुलीने मात्र दुसऱ्या दिवशी खोका उलटा केला. शिक्क्यावर नख घासलं, सूचना वाचली आणि थांबली. फाडावा आणि खाली काहीच नसावं, तर कार्ड बदलून मिळण्याची उरलीसुरली आशाही गेली. म्हणून ती मैत्रिणींकडे गेली, आणि मैत्रिणींनी तिला पैजेवर चढवलं.

शनिवारी ती मला घेऊन दुकानात गेली, तर ही गर्दी. तिने प्रश्न विचारला. हसरेकाका गोडीत म्हणाले की खाली काही नसतं गं, कारखान्याचा आकडा असतो.

"मग काढून बघू?"

"बघ की. पण शिक्का फाटला की बदलून मिळणार नाही, घरी ओरडा खाशील."

दोघंतिघं हसले. तिने मला पोटाशी धरलं. मग एका झटक्यात तिने शिक्का सोलला. माझा एक कोपरा त्याच्याबरोबर गेला. जाऊ दे. कितीतरी महिन्यांनी उजेड पाहिला आणि समोर तिचे डोळे होते. तिने मला मोठ्याने वाचलं, एकेक शब्द तोडून, 'एल' वर जरा जास्तच जोर देऊन.

रांगेत एक चष्मेवाले गृहस्थ होते, ऑफिससाठी दोन खोके घेतलेले. त्यांनी खोका उलटा केला आणि सोलला. मग त्यांच्या मागच्या बाईंनी. मग आणखी कोणी. सगळ्यांखाली तोच 'एल'. चर्र, चर्र, चर्र. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या आवाजाइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही. आणि हसरेकाकांचं हसू, ते मी मावळताना पाहिलं. अगदी पोटभर पाहिलं.

त्यांनी तिला बाजूला घेतलं. आईला आठ जीबीचं कार्ड आत्ताच्या आत्ता देतो, फक्त या लोकांना सांग की तुझी वाचण्यात चूक झाली, असं ते हळूच म्हणाले. घरी विचारते, म्हणून ती निघाली. मी घाबरलो. शुक्रवारची मुदत डोक्यावर होती, आणि आईच्या कामापुढे माझी काय किंमत?

घरी बाबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, एवढं एक वाक्य बोलून टाक ना, आपलं काम झाल्याशी मतलब. आईने मला उजेडात धरून दोनदा वाचलं. मग तिने फोन उचलला आणि फर्निचरवाल्याला सांगितलं, "मला काम येतं. माझं कार्ड निम्मं निघालं. उद्यापासून तुमच्या संगणकावर बसते आणि शुक्रवारच्या आत देते." पलीकडून तो म्हणाला, या ना ताई, आधी का नाही बोललात.

मित्रांनो, खोका हातात आला की आधी तो उलटा करा. वरचा झगमगाट बघायला सगळेच असतात. आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी वस्तूंना नावं ठेवायच्या नोकरीला लागलं, तर वेगळ्या वस्तूला वेगळं नाव ठेवा, आणि ते समोर लिहा. नाहीतर माझ्यासारखं एखादं लेबल वाट बघत बसलेलं असेलच.

फोन ठेवून आई वळली, तोवर मुलीने माझ्यासमोर कोरा कागद ओढला होता आणि माझ्यावरचं अक्षर न अक्षर उतरवून घेतलं होतं. कान लाल नव्हते.

"मला त्यांचं कार्ड नको," ती आईबाबांना म्हणाली. "मी ग्राहक तक्रार कार्यालयात अर्ज देणार आहे. दुकानाविरुद्ध एक, आणि दोन कार्डांना एकच नाव ठेवणाऱ्या कंपनीविरुद्ध एक. मी अजून अठराची नाही, म्हणून सही तुम्हा दोघांची लागेल. बाकी सगळं मी लिहिते."