पानावरचं मीठ

कामोठ्याजवळच्या त्या खाडीकाठच्या गावात खुनाचं वैर मिटवायची रीत एकच होती. देवळापुढे अख्ख्या गावाची पंगत बसायची आणि मेलेल्याच्या आईनं पानापानावर मीठ वाढायचं. मारणाऱ्याच्या पानावर मीठ पडलं की वैर संपलं. ज्याच्या पानावर पडलं नाही, त्यानं जेवायचं नाही.

बांधाच्या उघाडीच्या झडपेतून पाणी कधी सोडायचं, यावरून एकोणऐंशी साली भांडण पेटलं आणि दादूनं गिरजाबाईच्या भगवानच्या डोक्यात पहार घातली. भगवाननं आधी कोयता उगारला, अशी साक्ष कोर्टात दिली ती गावचा पंच बाजीराव यानं. तो दादूचा सख्खा चुलता. दादू चार वर्षांवर सुटला. गिरजाबाईचा लेक गेला तो गेला, वर भांडखोर ठरला. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. बाजीरावच्या कपाळी मात्र रोज ताजं गंध!

दादू परत आला आणि गिरजाबाई आपण होऊन मीठ वाढायला तयार झाली. म्हातारी थकली, असं गावाला वाटलं.

पंगत बसली. मिठाचा वाडगा घेऊन ती दादूच्या पानापुढे थांबली.

"भगवानचे हातान काय व्हता, तवरा सांग."

"गिरजाबाय, झाला गेला सोर," बाजीराव मधेच म्हणाला.

"मी याला इचारलाय."

दादूनं मान खाली घातली.

"काय नव्हता, काकी," तो म्हणाला. "हात रिकामं व्हतं. त्यो मना थांबवीत व्हता."

चार वर्षं हेच ऐकायला गिरजाबाई जगली होती. तिनं दादूच्या पानावर मीठ वाढलं. डोळे पुसायलाही न थांबता ती पुढे सरकली, पानामागून पान घेत पार टोकापर्यंत गेली आणि वाडगा देवळाच्या पायरीवर ठेवला.

"माजा पान राहिला," बाजीराव म्हणाला.

"राहिला नाय. कोर्टान काय सांगितलास ता हितं फिरव, मंग वाढीन."

बाजीरावनं आजूबाजूला पाहिलं. चार वर्षं त्याला मान डोलावणारी माणसं आपापल्या पानाकडे बघत होती. त्यानं साक्ष फिरवली नाही. दादूनं पहिला घास घेतला, मग गाव जेवू लागलं.

बाजीराव उठला, तेव्हा त्याला कोणी बस म्हणालं नाही.