काटेकाकांबद्दल दोन शब्द

मास्तर गेले आणि वस्तीपुढे मोठा पेच पडला. वर्षभरात वस्तीतली जी माणसं जात, त्यांच्यासाठी वर्षाअखेरीस सभागृहात सगळे जमत आणि मास्तर उभे राहून प्रत्येकाबद्दल दोन शब्द बोलत. आता खुद्द मास्तरांबद्दल बोलायचं तर बोलणार कोण?

खरं सांगायचं तर मास्तरांचे दोन शब्द हे निदान दोन हजार असत, आणि त्यात गेलेला माणूस कुठे सापडत नसे. सगळेच मनमिळाऊ, सगळेच कष्टाळू. ज्याची हाक नदीपलीकडे ऐकू जायची त्या खाटकालाही मास्तरांनी मृदुभाषी करून टाकलं होतं. पण लोक मान डोलवून ऐकत, चहा घेत आणि घरी जात. रीत सुरळीत चालली होती.

वस्तीचे अध्यक्ष म्हणजे दवाखान्यातले कंपाउंडर. ते एका सकाळी शिंपीणबाईंच्या दुकानात आले. शिंपीणबाई तेव्हा गुडघ्यांवर बसून एका झग्याचा घेर टाचत होत्या आणि त्यांच्या ओठांत पाच-सहा टाचण्या होत्या.

"यंदा तू बोल," कंपाउंडर म्हणाले. "नाहीतरी दिवसभर बोलतच असतेस. तेच उभं राहून बोलायचं."

शिंपीणबाईंनी "छे छे" म्हणण्यासाठी तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण टाचण्या गिळायची भीती वाटली म्हणून नुसतीच मान हलवली. ती आडवी हलवली होती की उभी, यावर पुढे घरात बरीच चर्चा झाली. कंपाउंडरांनी मात्र ती उभी धरली आणि "झालं तर मग" म्हणून ते निघूनही गेले.

कोपऱ्यात बटणं लावत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. मास्तर बोलायला लागले की माझा पाय बधिर व्हायचा."

यंदा गेलेली तिघं होती. एक मास्तर. दुसऱ्या पाववाल्या आजी, ज्यांची भट्टी आता त्यांचा मुलगा चालवायचा. आणि तिसरे काटेकाका.

मास्तरांबद्दलचं काम सोपं झालं, कारण मास्तरीणबाई स्वतःच दुकानात येऊन बसल्या. "चांगलं बोल," त्या म्हणाल्या, "पण खोटं बोलू नकोस. ते काम त्यांनी पुरेसं करून ठेवलंय." मग त्यांनी सांगितलं की मास्तर प्रत्येक भाषणाची तालीम त्यांच्यासमोर करायचे. त्या भाजी चिरताहेत आणि समोर मास्तर गहिवरताहेत, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. एकदा तर कंपाउंडर न्यूमोनियाने अगदी आता-जातात-की-मग-जातात अशा अवस्थेत होते. मास्तरांनी रात्री जागून त्यांच्यावर भाषण रचलं, पाठ केलं, आणि कंपाउंडर ठणठणीत बरे झाले. मास्तर दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी तेच भाषण त्यांनी खाटकासाठी वापरलं.

"म्हणजे मृदुभाषी ते..."

"कंपाउंडर," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या आठवणीने त्यांचे डोळे भरले की हसण्याने, ते त्यांनाही नीट कळलं नाही.

पाववाल्या आजींबद्दल तर विचारायलाच नको. जो भेटेल तो पत्त्यांची गोष्ट सांगे. आजी पत्ते खेळताना सर्रास लबाडी करत. हुकमाचं पान त्यांच्या ॲप्रनच्या खिशात असतं हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. तरी संध्याकाळी भट्टीशेजारच्या बाकावर जागा मिळवण्यासाठी चढाओढ लागायची. तिथे ऊब असायची, आणि हरणाऱ्याला आजी गरम पाव द्यायच्या. काही लोक तर पावासाठी मुद्दाम हरायचे, पण मुद्दाम हरायची वेळ कुणावर सहसा यायचीच नाही.

अडलं ते काटेकाकांपाशी.

काटेकाका म्हणजे वजनमापांचे निवृत्त तपासनीस. दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांची हयात गेली, म्हणून काटेकाका. आणि ते ज्याच्या त्याच्या पायात रुतायचे, म्हणूनही काटेकाकाच. नोकरी सुटली तरी तपासणी सुटली नाही. पाव घेतला की वजन, दूध घेतलं की माप. सभागृहातल्या खुर्च्यांची रांग तिरकी आहे हे सांगायला ते कार्यक्रम थांबवत. शिंपीणबाईंकडून शिवून घेतलेली पँट त्यांनी तीनदा परत आणली होती, कारण एक पाय दुसऱ्यापेक्षा दोऱ्याएवढा लांब होता.

"सरळ सांग," शिंपीणबाईंचा नवरा जेवताना म्हणाला. तो नळाची कामं करायचा आणि मोजकंच बोलायचा. "वैताग होता म्हणावं."

"अहो, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का?"

"मग मनमिळाऊ म्हण."

शिंपीणबाईंनी नाइलाजाने ठरवलं की काटेकाकांपुरते मास्तरांचेच शब्द उसने घ्यायचे. मनमिळाऊ, कष्टाळू, शिस्तप्रिय. तीन शब्द बोलायचे आणि बसायचं.

पण कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काटेकाकांची धाकटी बहीण येऊन थडकली. तिला कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. दूरच्या शहरात राहायची, आजारी असायची, अंत्यविधीलाही येता आलं नव्हतं. कोटाचं बटण तुटलं म्हणून ती दुकानात आली आणि खुर्चीवर टेकली. भावासारखंच धारदार नाक, पण चेहरा मऊ.

"उद्या तुम्ही दादाबद्दल बोलणार ना?" तिने विचारलं. "मी ऐकायलाच आलेय. दादा दर रविवारी फोन करायचा. इथल्या लोकांचं फार सांगायचा. म्हणायचा, माझ्यावाचून यांचं पान हलत नाही. पाववाले, दूधवाले, तुम्ही शिंपीणबाई, सगळ्यांना सारखा माझा सल्ला लागतो."

शिंपीणबाईंनी सुईत दोरा ओवायला घेतला आणि तो काही केल्या ओवला जाईना.

"सल्ला द्यायचे खरे," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "मागावा लागायचा नाही."

बहिणीला हे फार आवडलं. "असाच होता तो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बटण लागलं, ती उठून गेली, आणि शिंपीणबाईंनी डोक्याला हात लावला. आता तीन शब्दांवर भागणार नव्हतं. ही बाई पहिल्या रांगेत बसणार, आणि साऱ्या सभागृहात काटेकाकांना चांगलं म्हणणारी ती एकटीच असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृह भरलं. शिंपीणबाई व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य भलत्याच घाईत बोलून गेल्या. पण मास्तरांची तालीम आणि खाटकाचं भाषण यावर सभागृहात असा हशा पिकला की त्यांना धीर आला. कंपाउंडर तर खाटकाच्या बायकोकडे वळून "मी बरा झालो म्हणून तुमच्या यजमानांना माझं उरलेलं भाषण मिळालं" अशी माफी मागू लागले. सगळ्यांत मोठ्याने मास्तरीणबाई हसत होत्या. आजींच्या पत्त्यांवर तर बोलायचं कुणी राहिलंच नाही. प्रत्येकाला आपण कधी हरलो ते सांगायचं होतं.

मग काटेकाकांचं नाव आलं आणि लोक चुळबुळू लागले. खुर्च्या करकरल्या. बहीण हात मांडीवर ठेवून, मान वर करून बसली होती.

"काटेकाका," शिंपीणबाई म्हणाल्या, "फार मन..."

मनमिळाऊ हा शब्द त्यांनी अर्ध्यावरच सोडला. त्यांनी पाणी प्यायलं. समोर बघितलं.

"मी त्यांना एकदा फसवलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे फसवायला गेले. पँट घेऊन तिसऱ्यांदा येताना दिसले, तर मी कपडे बदलायच्या पडद्यामागे लपले. सासूबाईंना म्हटलं, सांगा मी बाहेर गेलेय. त्यांनी सांगितलं. काका निवांत उभे राहिले, पडद्याकडे बघितलं, आणि म्हणाले, बाहेर गेलेल्या बाईंना सांगा, या पडद्याची शिवण वाकडी आहे, आणि त्याखाली कुणाचे तरी पाय आहेत."

मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. बहीण मात्र हसली नाही. शिंपीणबाईंना वाटलं, संपलं सगळं.

"शिवण वाकडीच होती," सासूबाई जागेवरूनच म्हणाल्या. "मी तिला आधीच सांगितलं होतं."

मग मात्र सगळं सभागृह हसत सुटलं. दूधवाला उठला आणि म्हणाला, माझ्या मापाला बाहेरून पोचा होता म्हणून त्यांनी मला भर रस्त्यात अर्धा तास भूमिती शिकवली. बसचालक म्हणाला, सभागृहाचं घड्याळ ते गेल्यापासून मागे पडलंय. सगळ्यांनी वळून पाहिलं. खरंच पडलं होतं, आणि बाकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. एकेक जण आपलं गाऱ्हाणं घेऊन उठत होता, जणू काटेकाका समोर बसलेत आणि आज त्यांची तपासणी आहे.

शेवटी पाववाल्या आजींचा मुलगा उभा राहिला. धिप्पाड माणूस, पण लोकांपुढे बोलायचं म्हणजे कान लाल व्हायचे. "ते रोज पाव घरी नेऊन तोलायचे," तो म्हणाला. "कमी भरला तर परत यायचे. मला धडकीच भरायची. एकदा असेच तावातावाने आले. मी म्हटलं, काका, आज किती कमी? तर कागदात गुंडाळलेला एक तुकडा पुढे केला. म्हणाले, आज जास्त भरला. हा तुझा. मी म्हटलं, राहू द्या हो, खा. तर मला म्हणाले, मी काय चोर आहे?"

यावर हसू आलं, पण जरा उशिरा.

बहीण उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, ही आता रडणार, किंवा आपल्याला सुनावणार. ती म्हणाली, "लहानपणी आम्हा दोघांच्या पेल्यांतलं दूध तो बोट लावून मोजायचा. माझ्यात कमी असलं की स्वतःच्यातलं ओतायचा. मला वाटायचं, काय माझा भाऊ." ती थांबली. "आणि त्याच्यात कमी असलं की माझ्यातलं काढून घ्यायचा. थेंबसुद्धा सोडायचा नाही."

आणि ती हसायला लागली. नाकावर रुमाल धरून, खांदे हलवत, थांबता थांबेना. शिंपीणबाई खाली उतरून तिच्याजवळ जाऊन बसल्या.

चहाच्या वेळी बहिणीने त्यांना हळूच विचारलं, "म्हणजे त्याच्यावाचून तुमचं अडत नव्हतं तर."

"नाही," शिंपीणबाई म्हणाल्या. "आम्ही त्यांना बघून रस्ता बदलायचो." मग जरा विचार करून म्हणाल्या, "पण आजच्याएवढं आम्ही कुणाबद्दलही बोललेलो नाही."

बहिणीने मान हलवली. तिला ते पुरलं असावं, कारण तिने चहा संपवला आणि दूधवाल्याला तो पोचा नक्की कुठे होता ते विचारायला गेली.

त्यानंतर शिंपीणबाईंच्या दुकानात एक नवीच वर्दळ सुरू झाली. वयस्कर माणसं काही ना काही निमित्त काढून येऊ लागली. कुणाची बाही उसवलेली, कुणाची काजं सैल. खरं काम जाताजाता निघायचं. खाटकाची बायको म्हणाली, माझ्याबद्दल बोलशील तेव्हा ते माझ्या दिराच्या लग्नातलं सांगू नकोस. पाचव्या मिनिटाला परत येऊन म्हणाली, सांगितलंस तरी चालेल, पण नीट सांग. कंपाउंडर म्हणाले, मृदुभाषी मात्र राहू दे, ते मूळचं माझंच आहे.

एका दुपारी दुकान रिकामं असताना सासूबाईंनी सुई बाजूला ठेवली.

"माझ्याबद्दल काय बोलशील?"

"तुम्ही कुठे जाताय?"

"कुठे नाही. पण ऐकायला काय हरकत आहे? नंतर मला ऐकू येणार नाही."

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. नवी सून म्हणून आले तेव्हा, त्यांनी सुरुवात केली, सासूबाईंनी पहिल्याच दिवशी माझं शिवण उसवलं आणि म्हणाल्या, हात चांगला आहे, डोळे कुठे असतात?

"असं नव्हते म्हणाले," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या. "पण चांगलं आहे. पुढे?"