सहा हजार उत्तरांची तेलझारी

मी एक जुनी ओळख आहे, मित्रांनो. रस्त्यात भेटल्यावर "काय, कसं काय?" म्हणणारी नव्हे, इंटरनेटवरची. तुम्ही जिला खाते म्हणता, प्रोफाइल म्हणता, ती मी. माझे नाव तेलझारी. चेहऱ्याच्या जागी माझ्यावर लांब नाकाच्या, पोचे पडलेल्या एका तेलाच्या झारीचा फोटो आहे आणि गेली बारा वर्षे तो तसाच आहे. आजकाल लोक कपडे बदलावेत तसे फोटो बदलतात. मला कधी गरज पडली नाही. माझ्या बोलण्यात थोडा तोरा आहे, तो चालवून घ्या. तो मी कमावलेला आहे.

माझा जन्म शिलाई मशीन दुरुस्तीच्या एका दुकानात झाला. दुकान दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत काउंटर आणि दोन खुर्च्या, मागच्या खोलीत कामाचे टेबल, दिवा, स्क्रूंच्या डब्या, आणि मधे एक जाड पडदा. पडद्यामागे माझी मालकीण काम करायची. तिच्या सासऱ्यांच्या हाताला कंप सुटला, तेव्हा त्यांनी आपली हत्यारे मुलांकडे न देता सुनेकडे दिली होती, कारण कान तिचा तयार होता. काउंटरवर तिचा धाकटा दीर बसायचा. माणूस वाईट नव्हता. बोलणे गोड, हिशोब चोख, पण मशीन उघडायची म्हटले की त्याची पाचावर धारण बसायची. मशीन नीट झाली की गिऱ्हाईक त्यालाच म्हणायचे, "तुमच्या हातात जादू आहे हो!" आणि तो मान डोलवायचा. आयत्या बिळावर नागोबा, दुसरे काय!

एका दुपारी दिराची मुलगी शाळेतून आली ती फोन नाचवतच पडद्याआड शिरली.

"काकू, इथे शिंप्यांचं एक मंडळ आहे बघ. सगळे मशीनबद्दल विचारतात आणि कुणालाच काही येत नाही. नुसते उंटावरचे शहाणे! तू उत्तरं दे ना."

"मी? माझा फोटो नाही हं टाकायचा कुठे."

"बरं बाई, नको टाकू. मग काय टाकू?"

मालकिणीने समोरची झारी पुढे सरकवली. मुलीने तिचा फोटो काढला, नाव घातले, आणि मी जन्मले. पाच मिनिटांचे काम. बारशाला हजर दोघीच.

पहिल्याच महिन्यात एक धडा मिळाला. कुणाचा तरी दोरा सारखा तुटत होता. मालकिणीने सविस्तर उत्तर दिले आणि शेवटी सहज लिहिले, "मी रोज हेच काम करते." त्यावर विचारणाऱ्या गृहस्थांनी लिहिले, "बाईने मशीन चालवावी, उघडू नये," आणि तोच प्रश्न पुन्हा दुसऱ्यांना विचारला. मालकिणीने मला पुन्हा उघडले. मग तिने ती ओळ पुसली. त्यानंतर तिने स्वतःबद्दल एक अक्षर लिहिले नाही. नुसत्या सूचना. सुई बदला, दोरा काढून पुन्हा ओवा, शटलमधला, म्हणजे सुईखालच्या फिरत्या भागातला, कचरा काढा. लोकांनी आपोआप मला "झारीकाका" म्हणायला सुरुवात केली. तिने कुणाची चूक दुरुस्त केली नाही. मला तेव्हा राग आला होता, आजही येतो.

पण काम मात्र काय झाले म्हणून सांगू! रोज दुपारी जेवणे आटोपली की ती तासभर मला उघडून बसे. तिच्या दोन रीती होत्या. पहिली, कापडाची उलटी बाजू दाखवा. टाके वरून सगळ्यांचेच बरे दिसतात, मशीनचे खरे दुखणे खालून कळते. दुसरी, मशीन बंद ठेवून चाक हाताने तीन वेळा फिरवा आणि त्याचा आवाज पाठवा. तो आवाज ती फोन कानाला लावून ऐके, डोळे मिटून. कधी पुन्हा ऐके. मग उत्तर देई. दहांतली नऊ दुखणी तिने अशी नुसती ऐकून बरी केली. हळूहळू मंडळाला सवयच लागली. लोक नमस्कारही न घालता आधी कापड उलटे करून फोटो टाकत आणि मागोमाग चाकाचा आवाज. नवा माणूस यायचा आणि सरळ बाजूचा फोटो टाकायचा, की जुने त्याच्यावर तुटून पडायचे, "अहो, उलटी बाजू! काकांना उलटी बाजू लागते!"

आणखी एक गोष्ट. "मशीन टाकून द्या, नवी घ्या," असे माझ्यावरून एकदाही लिहिले गेले नाही. सहा हजारांवर उत्तरे आहेत माझ्यावर, हवे तर मोजा. एका विधवा बाईने लिहिले होते, "काका, तुमच्यामुळे माझी मशीन सुरू झाली, उद्यापासून पुन्हा काम घेते." ते वाचून मालकिणीने पदराने डोळे टिपले, आणि मी मनातल्या मनात फुगले. ओळख असावी तर अशी.

मग वाईट दिवस आले. अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ आले. त्यात चकचकीत मशीन, मागे गाणी, आणि "ही एक युक्ती करा!" म्हणणारे हसरे चेहरे. माणसे तिकडे धावली. मंडळावर दिवसचे दिवस चिटपाखरू फिरकेना. मालकीण मात्र रोज दुपारी मला उघडायची, एक नजर टाकायची आणि बंद करायची. ज्या घरात पाहुणे येत नाहीत तिथेही झाडलोट करावी लागते, असे ती पुतणीला म्हणाली. दोन वर्षे अशी गेली. मग युक्त्या करून करून बिघडलेल्या मशीन घेऊन लोक एकेक करत परतले. आम्ही कुणाला टोमणा मारला नाही. एखादाच मारला असेल.

आता मूळ गोष्टीकडे येते.

गेल्या वर्षी एक बाई दुकानात आल्या. मुलींना मशीनदुरुस्ती शिकवणारे केंद्र त्या काढत होत्या आणि शिकवायला त्यांना तेलझारीच हवी होती. एका जुन्या सदस्याने कधीतरी दुकानातून सुटे भाग मागवले होते, त्याच्याकडून पत्ता घेऊन त्या पोचल्या होत्या.

"तेलझारी इथलीच ना?" त्यांनी काउंटरवर विचारले.

"हो, आमचीच," दीर म्हणाला. इथपर्यंत खोटे काहीच नव्हते.

"म्हणजे झारीकाका तुम्हीच! किती वर्षं तुम्हाला भेटायचं होतं मला."

इथे त्याने "नाही" म्हणायला हवे होते. तो हसला. नुसता हसला, मित्रांनो. पण कधीकधी हसणेही सही केल्यासारखे असते. पडद्यामागे मालकिणीचा हात थांबला. मी तिच्या शेजारी टेबलावर होते, मी पाहिले. मग तिने पुन्हा स्क्रू आवळायला घेतला. अकरा वर्षे मूग गिळून बसायची सवय एका मिनिटात कशी सुटणार?

संध्याकाळी दीर पडद्याआड आला. "वहिनी, त्या गैरसमज करून बसल्या. सांगतो मी त्यांना."

"कधी?"

"सांगतो ना. योग्य वेळ बघून."

योग्य वेळ काही येईना. बाईंनी मंडळाचा मेळावा ठरवला. आजवर एकमेकांना न पाहिलेले सगळे सदस्य एका सभागृहात जमणार होते आणि तिथेच झारीकाकांना शिक्षक म्हणून जाहीर करणार होते. दीर रोज "उद्या सांगतो" म्हणत राहिला आणि मेळाव्यासाठी नवा शर्ट शिवायला टाकून आला. पुतणी आता नोकरीला लागली होती. तिला हे कळल्यावर ती बापावर भडकली. काकूवर त्याहून जास्त.

"काकू, मेळाव्यात तू बोलली नाहीस तर तुझं नाव कायमचं गेलं. आणि बाबा त्या मुलींना काय शिकवणार? बिल फाडायला?"

"भर सभेत दिराचं हसं करू?"

"मग स्वतःचं करून घे!"

मेळाव्याच्या सकाळी मालकीण शेवटच्या रांगेत, चहाच्या टेबलाजवळ बसली. मी तिच्या पिशवीत, फोनमध्ये. दीर मंचावरच्या खुर्चीत, त्याचा फोन समोर टेबलावर ठेवलेला. सभागृह भरलेले होते. ज्यांची नुसती नावे मला ठाऊक होती ती माणसे हाडामांसाची होऊन बसली होती. फक्त बटणांची काजे करणारे काजेवाले आजोबा, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दोघी जावा, तंबू शिवणारा तो रागीट माणूस. सगळे माझे!

"काका, एक दुखणं आणलंय खास तुमच्यासाठी," तंबूवाला म्हणाला आणि त्याने आपली मशीन मंचावर ठेवली. "जाड कापडावर टाके सोडते. दोघांनी बघितली, कुणालाच जमलं नाही." त्याने शिवलेले कापड पुढे केले. अर्थात उलटी बाजू वर करून.

दिराने ते सुलटे केले आणि वरून पाहिले.

गणवेशवाल्या जावांनी एकमेकींना कोपर मारले. दिराने मशीनवर बोट फिरवले, घसा खाकरला आणि म्हणाला, "मशीन जुनी झालीये हो. आता बदलूनच टाका."

काजेवाले आजोबांना ऐकू कमी येते. ते शेजारणीला मोठ्याने म्हणाले, "काय म्हणाले? बदला? झारीकाका म्हणाले बदला?" आणि मग त्यांनी अकरा वर्षांच्या सवयीने जे केले ते जगात फक्त आमच्या मंडळाचा माणूसच करू शकतो. काका दहा पावलांवर बसलेले असताना आजोबांनी फोन काढला आणि माझे नाव जोडून प्रश्न मंडळावर टाकला. "काका, तंबूवाल्याची मशीन खरंच बदलायची का?" काखेत कळसा आणि गावाला वळसा!

प्रश्न माझ्याकडे आला. मी वाजले.

दिराचा फोन टेबलावर गप्प होता. आवाज चहाच्या टेबलाजवळून आला. दोन रांगांनी माना वळवल्या. मग गणवेशवाल्या जावांपैकी धाकटीने, गंमत म्हणून की शंका आली म्हणून, मलाच लिहिले, "काका, आहात ना?" मी पुन्हा वाजले. आता सगळ्या सभागृहाने मान वळवली.

मालकिणीने मला पिशवीतून बाहेर काढले, उघडले आणि लिहायला लागली. "चाक हाताने तीन वेळा..." अक्षरे माझ्यावर उमटत होती आणि मी मनात म्हणत होते, पाठव, पाठव, एकदा बटण दाब, मग मी सगळे सांभाळते. आजवर मीच सांभाळत आले होते.

तिने बटण दाबले नाही. लिहिलेले सगळे पुसले, मला पालथे करून शेजारच्या खुर्चीवर ठेवले आणि ती उभी राहिली.

"भाऊ," ती तंबूवाल्याला म्हणाली, आधी पुटपुटल्यासारखी, मग मोठ्याने, "चाक हाताने फिरवा. तीन वेळा. आणि बाकीच्यांनी जरा गप्प बसा."

तंबूवाल्याने चाक फिरवले. टक्. टक्. टक्. तिने डोळे मिटले होते.

"पुन्हा."

टक्. टक्. टक्.

"सुईदांडीचा स्क्रू ढिला झालाय. दांडी खाली घसरलीये, सुई शटलला घासते. शटल काढून बघा, टोकावर चरा असेल. तुम्ही जाड कापड मागून ओढता ना शिवताना?"

"ओ... ओढतो," रागीट माणूस शाळेतल्या पोरासारखा म्हणाला. त्याने शटल काढले, उजेडात धरले, त्यावर नख फिरवले. "आहे. चरा आहे!"

मग जो गलका झाला! आजोबा सगळ्यांना विचारत होते, "कोण बोललं? कोण बोललं?" केंद्राच्या बाई मंचावरून एकदा दिराकडे आणि एकदा मागे बघत होत्या. दीर उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पण एक सांगते, त्या क्षणी त्याने पळवाट शोधली नाही. त्याने माइक ओढून घेतला.

"झारीकाका कुणी नाहीच. ही आमची वहिनी. सगळी उत्तरं तिची, दुकानातलं सगळं कामही तिचंच. मी नुसता पुढे बसतो. मी गप्प बसलो, चुकलं माझं." मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "वहिनी, या. बसा."

ती मंचावर गेली, पण बसली नाही. बाह्या सारून आधी तंबूवाल्याची मशीन दुरुस्त केली. मी मागे खुर्चीवर पालथी पडून होते. मला काही दिसत नव्हते; पाहिल्यासारखे जे सांगितले ते नंतर मंडळावर लोकांनी लिहिले त्यावरून. फक्त तिचा आवाज ऐकू येत होता. इतका मोठा, इतका मोकळा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आम्ही दोघी आजवर टाइपच करत होतो ना!

मित्रांनो, तुम्हीही माझ्यासारखी एखादी ओळख तयार कराल. टोपणनाव घ्या, फोटोच्या जागी झाडू लावा नाहीतर चहाची किटली, त्यात लाज काही नाही. पण आपल्या ओळखीवर नीट नजर ठेवा. तिच्या तोंडून खोटे बोलू नका, तिच्यावरून कुणाला हिणवू नका आणि ती दुसऱ्याला वापरू देऊ नका. पलीकडे कोण असेल हे स्वतःच ठरवून मोकळे होऊ नका, विचारा. आणि बोलायची वेळ आली, की आम्हाला बाजूला ठेवून उठून उभे राहा. आम्हाला वाईट वाटत नाही.

आता आठवड्यातले तीन दिवस, दोन-दोन तास, ती केंद्रात शिकवते. मी तिच्या पिशवीत बंद असते आणि बाहेर पंधरा मुली एकदम "ताई, माझं बघा!", "ताई, इकडे!" म्हणून ओरडत असतात. त्या दोन तासांत मला कुणी काही विचारत नाही. सहा हजार उत्तरे माझ्यावरून गेली, पण मला विचाराल तर सगळ्यांत सरस उत्तर तेच, जे तिने माझ्यावर लिहिले, पुसून टाकले आणि स्वतःच्या तोंडाने दिले.