आढीशेजारची मेथी

रंगूबाईच्या घरात भाजी सुकत नाही, हे जामखेडजवळच्या त्या वाडीत लहान पोरांनाही माहीत होतं. ज्याला माहीत नसेल त्याला रंगूबाई स्वतःच सांगायची. वाडीला भाजीचा बाजार एकच, शनिवारचा, तोही जामखेडला. विहिरीचं पाणी कांद्यालाच पुरत नाही, तिथं मेथीचा वाफा कोण भिजवत बसणार? शनिवारी पिशवीत येईल ती भाजी, आणि तीच पुढच्या शनिवारपर्यंत जगवायची. बाकीच्या बायका सोमवारपर्यंत हिरवं खायच्या आणि मग डाळीवर यायच्या. रंगूबाईच्या ताटात मात्र गुरुवारीसुद्धा पाला असायचाच.

तिची रीत ठरलेली. बाजारातून आलेली मेथी धुवायची नाही, धुतली की सडली. जुडीची दोरी आधी सोडायची, कारण आवळून बांधलेली भाजी आतून तापते. पिवळं पान खुडायचं, माती झटकायची. मग नवऱ्याच्या जुन्या धोतराचं फडकं भिजवून पिळायचं, इतकं की थेंब गळता कामा नये. त्यात मेथी सैल गुंडाळून मडक्यात ठेवायची आणि मडकं कोठीच्या खोलीत वाळूत रोवायचं. वाळूवर सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. लिंबं त्याच वाळूत पुरलेली. कोथिंबिरीचे देठ पाण्यात, वर ओलं फडकं. एवढंच. पण हे एवढंच करायलाही अंगात शिस्त लागते, आणि ती बाजारात मिळत नाही, असं रंगूबाईचं म्हणणं.

घरात फ्रीज नव्हता. ऐपत नव्हती म्हणून नव्हे. कांद्यानं दोन वर्षं चांगली साथ दिली होती आणि पोरगा अंगद घ्यायलाही तयार होता. रंगूबाईलाच नको होता.

त्यात दिवाळीला विहीणबाई आल्या. रतनबाई, पारनेरच्या. अंगदच्या बायकोची, आरतीची आई. बाई तशी वाईट नव्हती, पण तिच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला तिचा फ्रीज यायचा. आरतीला दिवस गेलेले, सातवा लागत आलेला. रतनबाई म्हणाल्या, "ईनबाई, डोहाळजेवणाला मी फ्रीजच पाठवते बघा. दोन जिवांची बाई हाय, तिला शिळंपाकं खायला लागू नये."

शिळंपाकं! रंगूबाईच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजला.

"आमच्या घरात शिळं ताटात पडत न्हाई, ईनबाई. तुमी डोहाळजेवणाला बुधवारी येनार ना? शनिवारच्या बाजारची मेथी मी बुधवारी तुमच्या ताटात वाढीन. पान पिवळं निघालं तर आना तुमचा फ्रीज, मी सोताच्या हातानं त्याला हळदी-कुंकू लावीन."

"बरं तर," रतनबाई म्हणाल्या. "आमी बघतोच."

खांबाला टेकून बसलेला पुंजाराम, म्हणजे रंगूबाईचा नवरा, तंबाखू मळता मळता थांबला. "आता झालं," असं तो फक्त स्वतःशी म्हणाला. आरतीला फ्रीज हवा की नको, हे तिला कुणी विचारलं नाही.

मग रंगूबाईनं घर डोक्यावर घेतलं. विहीण येणार म्हणजे भिंतीचा पोपडासुद्धा दिसता कामा नये. तांब्याचं घंगाळ चिंच-मीठ लावून असं घासलं की पुंजारामला त्यात आपले पडलेले दात दिसले. बाजरीच्या कणगीत कडुलिंबाचा वाळलेला पाला नव्यानं भरला. मुंग्या निघायच्या त्या फटीत हळद दाबली. अंगणातल्या खोपीला, जिथं अवजारं आणि कडबा असायचा, तिलाही आतून-बाहेरून चुना मारून घेतला.

"खोपीत कोन बघायला जातंय?" पुंजाराम म्हणाला.

"ईनबाई. बाहेर जायच्या निमित्तानं सगळीकडं बघून येत्यात. मला म्हाईत हाय, मी बी बघते."

शनिवारी अंगद जामखेडहून मेथी घेऊन आला. पानं लहान, देठ कोवळे, नुसता वास घेतला तरी भाकरी आठवावी. रंगूबाईनं ती आपल्या रीतीनं गुंडाळली, मडक्यात ठेवली आणि कोठीची खोली ओढून घेतली.

संध्याकाळी तिनं आरतीला पुढ्यात घेतलं. पोरीच्या गालांवर वांगाचे डाग आले होते आणि पोटाला खाज सुटायची. रंगूबाईनं मसूरडाळ दुधात भिजवून वाटली होती. त्यात साय घातली आणि चिमूटभर हळद.

"आत्याबाई, लिंबू पिळू का थोडं? मोबाईलवर सांगत्यात."

"पीळ की. मंग बुधवारी सोललेल्या तोंडानं ओटी भरून घे. लिंबू सारावर पिळायचं असतं, कातडीवर न्हाई." तिनं लेप हलक्या हातानं लावला. "हे डाग काय लेपानं जायचे न्हाईत, बाळातीन झालीस की आपसूक फिकट हुतील. ह्यानं नुसतं तोंड मऊ ऱ्हातं. आन वाळून कडक व्हायच्या आत धू. पोटाला खोबरेल लाव, नखं लावू नको."

आरती डोळे मिटून बसली होती. सासूची जीभ कशीही असो, हात गार होता.

इथंवर सगळं नीट चाललं होतं. घोळ झाला तो सीताफळांचा.

बांधावरच्या झाडांना यंदा सीताफळं लगडली होती. डोहाळजेवणाला सीताफळाची बासुंदी करायची, हे रंगूबाईनं मनात धरलेलं. डोळे उघडलेली फळं पुंजारामनं उतरवून आणली आणि पिकवायला दर वर्षीसारखी कडब्यात आढी घालायला खोपीकडं निघाला. तर खोपीचा चुना अजून ओला.

"मंग कुठं घालू?" त्यानं विचारलं.

रंगूबाई तेव्हा कणगीत डोकं घालून बसली होती. आतूनच ओरडली, "घाला तिकडं कोठीत, कोपऱ्यात! सगळं काय मीच सांगू?"

पुंजारामनं कोठीत आढी घातली. खाली कडबा, वर सीताफळं, त्यावर पुन्हा कडबा आणि वरून पोतं. मडक्याला लागूनच. त्या कोपऱ्यात दुसरी जागाच नव्हती.

त्यानंतर रंगूबाई रोज कोठीत जायची, वाळूवर पाणी घालायची, पण मडकं उघडायची नाही. उगीच उघडझाक केली की गारवा जातो, हाही तिचाच नियम. सीताफळाचा वास यायला लागला तेव्हा तिला बरंच वाटलं. बुधवारपर्यंत पिकताहेत म्हणायचं.

बुधवारी उजाडताच तिनं मडक्यावरचं झाकण काढलं, फडकं उलगडलं आणि तिथंच वाळूत बसली.

मेथी पिवळीधमक. पानं देठांवरून आपोआप गळत होती. बाजूच्या फडक्याखालची कोथिंबीर तर हळदीत बुडवून काढल्यासारखी. टोपलीतली वांगी आणि गवार तेवढी जशीच्या तशी.

फडकं ओलसर होतं, वाळू गार होती. रीत कुठं चुकलेली नव्हती. आणि मग शेजारच्या पोत्याखालून तो गोडसर, घुसमटलेला वास नाकात शिरला. तिनं पोतं उचललं. खाली सीताफळं मऊ पडून फुटायला आली होती आणि आढीतून ऊब येत होती, झोपलेल्या शेळीच्या अंगातून येते तशी.

एक पिकलं फळ टाकलं की भोवतालची दहा पिकतात, हे रंगूबाईला जन्मापासून ठाऊक. आढी घालतातच त्यासाठी. पण जे फळाला होतं ते पाल्यालाही होतं, हे तिला कधी बघायला मिळालंच नव्हतं. आढी कायम खोपीत आणि भाजी कायम कोठीत.

"अवो!" ती ओरडली. "ही आढी हितं कुनी घातली?"

पुंजाराम दारात आला. "तूच म्हनलीस, घाला कोठीत."

"मी म्हनलं म्हनून घालायची? एरवी माझं कधी ऐकलंय का?"

पुंजारामनं पोतं परत आढीवर टाकलं. त्याच्या मागून अंगद आला, त्याच्या मागून तोंडाला लेप लावलेली आरती. चौघंही मेथीकडं बघत राहिली, कुणी गेल्यासारखी.

अंगदनं आधी तोंड उघडलं. "आई, त्यात काय एवढं? मी गाडीवर जामखेडला जातो, स्टँडवर रोज एक भाजीवाली बसती, तिच्याकडनं ताजी मेथी आनतो. त्यांची जीप यायच्या आत हितं. कुनाला कळतंय?"

रंगूबाई गळलेली पानं फडक्यात गोळा करत राहिली. अंगदनं ते 'हो' धरलं आणि अंगणात जाऊन गाडीला किक मारली.

रंगूबाईच्या डोळ्यांसमोर ताट आलं. ताटात हिरवीगार मेथी. रतनबाई घास घेतात, मान डोलावतात, "जिंकलात ईनबाई" म्हणतात. आणि आपण पदर सावरून हसतो. फ्रीज येत नाही, नाक राहतं. पण ती वाहवा कुणाची असेल? जामखेडच्या कुठल्यातरी भाजीवालीची. आणि पुढं दर शनिवारी मडकं उघडताना हे आठवणार. वर आरतीही बघत असणार, जिला आपण रोज सांगतो की आपल्या घरात जे बोललं ते बोललं.

ती उठली, वाळूचे हात झटकत अंगणात आली. गाडी फाटकापर्यंत गेली होती.

"अंगद! उतर खाली."

"अगं आई..."

"उतर म्हनते ना! बाजारची मेथी वाढून जिंकायचं आसतं तर मडकं कशाला रोवलं आसतं मी? आन त्या गाडीचा धूर चुन्यावर बसतोय."

मग पदर खोचून तिनं उतरंडीतला डबा काढला. उन्हाळ्यात पत्र्यावर वाळवलेले मुगाचे सांडगे त्यात होते, खडखडीत. मेथीच्या जागी सांडग्याची भाजी. वांगी भरायला घेतली. बासुंदी तर ठरलेलीच होती.

जीप आली. पारनेरच्या बायका उतरल्या. रतनबाईंनी आल्या आल्या लेकीला जवळ घेतलं, तोंड निरखलं आणि पर्समधून मलमाची नळी काढली. "हे लाव, डाग जात्यात."

"आई, आत्याबाईंचा लेप लावते मी," आरती म्हणाली.

"तरीच," रतनबाईंनी लेकीच्या गालावरून बोट फिरवलं. "मऊ लागतंय." नळी परत पर्समध्ये गेली. थोड्या वेळानं त्या बाहेर जायच्या निमित्तानं खोपीही बघून आल्या.

ओटी भरली. हिरव्या साडीतली आरती पाटावर बसली, अंगावर फुलांचे दागिने. बायकांनी आडवळणानं नावं घेतली, हसल्या. ताटं वाढली. रतनबाईंची नजर ताटावरून फिरली, पुन्हा फिरली.

"ईनबाई, मेथी दिसंना कुठं?"

आरतीनं सासूकडं बघितलं. रंगूबाई आत गेली आणि मडकंच उचलून घेऊन आली. रतनबाईंच्या ताटासमोर ठेवलं, फडकं उलगडलं.

"ही बघा. पिवळी पडली. माझी बोली मी हरले. आना तुमचा फ्रीज."

आता रतनबाई चार बायकांत काय बोलतात, म्हणून पुंजारामनं ओसरीवरून मान लांब केली. रतनबाईंनाही हसू फुटायला आलंच होतं. पण मडक्यात वाकून बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"फडकं तर ओलं हाय. मंग झालं कसं?"

"सीताफळाची आढी शेजारी घातली. पिकत्या फळाची ऊब लागली पाल्याला. माझ्या कारभारामुळंच. खोपीला चुना मारून बसले ना तुमच्यापायी."

"खोपीला चांगला बसलाय चुना," रतनबाईंच्या तोंडून गेलं. मग त्या एकदम ताटावरून मागं सरकल्या. "थांबा थांबा. पिकत्या फळाशेजारी पाला पिवळा पडतो?"

"हा काय पुढ्यात पडलाय."

"अगं बया! मी फ्रीजमधी केळी आन कोथिंबीर एकाच कप्प्यात ठेवते की! कायम पिवळी. आन मी त्या भाजीवालीला शिव्या देते, शिळी घालतीस म्हनून. परवाच तिच्याशी भांडले!"

पंगतीत अशी हसाहस झाली की एका बाईच्या वाटीतली बासुंदी सांडली. रतनबाई स्वतःही डोळे पुसत हसत होत्या. "म्हंजे माझ्या फ्रीजमधी आढीच घातलीय की मी."

"केळी बाहेर ठेवा टांगून," रंगूबाई म्हणाली. "गारठ्यात ती काळी पडत्यात. कोथिंबीर कोरडी करून फडक्यात ठेवा, पिशवीत कोंबू नका, घाम येतो तिला."

"तुमचं जिंकलेलंच धरा ईनबाई. फ्रीज ऱ्हाऊ द्या. सांडगे लई चांगले झालेत."

"ऱ्हाऊ द्या म्हंजे? हरले तर हरले. रंगूबाई फुकटचं घेत न्हाई, पन हरलेलं देते आन घेते बी." मग तिला काहीतरी सुचलं आणि ती सुनेकडं वळली. "का गं? तुला पायजे का फ्रीज?"

आरती हिरव्या बांगड्यांशी खेळत होती. "उन्हाळ्यात गार ताक मिळंल, आत्याबाई."

"मंग इतके दिवस तोंड शिवलं हुतं का?"

"तुमच्या मडक्याच्या मधी कोन बोलनार?"

यावर मात्र पुंजाराम ओसरीवर मोठ्यानं हसला, आणि रंगूबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की हसू त्यानं ठसक्यात बदललं.

आरती बाळंतपणाला पारनेरला गेली आणि पंधरवड्यात टेम्पोनं फ्रीज आला. रंगूबाईनं बोलल्याप्रमाणं त्याला हळदी-कुंकू लावलं, पण स्वयंपाकघरात घेतला नाही. मधल्या खोलीत उभा केला. खालच्या खणात धोतराचं फडकं अंथरलं. त्यात फक्त पाला. पिकलेलं फळ आत दिसता कामा नये, ही ताकीद पुंजारामला स्वतंत्र मिळाली. लिंबं आणि मडकं कोठीतच राहिली.

पुंजाराम दार उघडून बराच वेळ आतला दिवा बघत राहिला. "हा दिवा दार लावल्यावर इझतो का गं?"

"आत बसून बघा. लावते मी दार."

गुरुवारी पारनेरहून आरतीचा फोन आला. पोटाची खाज थांबली, आईची कोथिंबीर आता हिरवी राहते, केळी खिडकीत टांगली आहेत, सगळं सांगून झालं. शेवटी म्हणाली, "आत्याबाई, शनिवारची मेथी कशी हाय?"

रंगूबाईनं खालचा खण ओढला. फडकं उलगडलं. एकेक पान ताठ, कोवळं, रानातून आत्ता खुडल्यासारखं.

"हिरवीगार हाय," ती म्हणाली, आणि पुंजारामला ऐकू जाईल असा आवाज चढवला, "पन ती फडक्यामुळं!"